एआयचा सल्ला चुकला तर नुकसान कोणाचे? बियाण्याला बिल असते, सल्ल्यालाही हवे

कपाशीचे पान लाल पडले, सोयाबीनची शेंग भरेना, डाळिंबावर डाग दिसला, की आता अनेकजण आधी मोबाइल काढतात. फोटो काढायचा, ॲपवर टाकायचा किंवा चॅटबॉटला मराठीत विचारायचे. अर्ध्या मिनिटात रोगाचे नाव, औषधाचे नाव आणि प्रमाण हातात येते. सहायक कृषी अधिकाऱ्याची वाट पाहावी लागत नाही आणि तालुक्याला खेपही मारावी लागत नाही. ही सोय खरी आहे.

पण तो सल्ला चुकला तर? फवारणीचा खर्च वाया गेला, पीक करपले किंवा फवारणाऱ्याला विषबाधा झाली, तर दाद कोणाकडे मागायची? बियाणे उगवले नाही तर कुठे जायचे हे गावात सगळ्यांना माहीत असते. सल्ल्याच्या बाबतीत मात्र अजून तसा रस्ता नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या म्हणजेच एआयच्या नीतीवर आणि नियमनावर जगभर चर्चा चालू आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या चर्चेचा गाभा एवढाच आहे: सल्ला देणारा जबाबदार कसा राहील?

एआय शेतात कुठे कुठे पोहोचले आहे?

- सरकारी सल्ला: राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय धोरण २०२५-२०२९’ मंजूर केले. पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरली. मराठीत प्रश्न विचारता येणारे ‘महाविस्तार’ ॲपही २०२५ मध्येच आले. केंद्राचा ‘किसान ई-मित्र’ हा पीएम-किसान योजनेची माहिती देणारा चॅटबॉट २०२३ पासून चालू आहे.
- कीड ओळख: केंद्राची राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात फोटोवरून कीड ओळखण्याची सोय आहे.
- ऊस: बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसावर प्रयोग केले. जमिनीतील सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे एकत्र करून पाणी-खताचा सल्ला देण्याची ही पद्धत आहे.
- पीकविमा: भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज काढताना खरीप २०२३ पासून तंत्रज्ञानाधारित अंदाजाला ३० टक्के वजन देण्याची तरतूद आली. खरीप २०२४ पासून सोयाबीन त्यात आले.
- खासगी ॲप: निविष्ठा कंपन्या, स्टार्टअप आणि व्यापारी यांची ॲप तर गावोगाव आहेत. शिवाय शेतीशी काहीही संबंध नसलेले सर्वसाधारण चॅटबॉटही शेतकरी सर्रास वापरतात.

या सगळ्यांना आपण एकच नाव देतो, ‘एआय’. पण प्रत्येकाचा मालक वेगळा, हेतू वेगळा आणि चुकण्याची तऱ्हाही वेगळी आहे.

चूक होते ती कशी?

१) फोटोवरून ओळख: २०१६ मध्ये ‘प्लांटव्हिलेज’ नावाच्या फोटोसंग्रहावर झालेला एक अभ्यास जगभर गाजला. १४ पिके, २६ रोग आणि पानांचे ५४,३०६ फोटो त्यात होते. संगणकाने ९९.३५ टक्के ओळख अचूक केली. पण हे फोटो कसे काढले होते? पान तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून. त्याच मॉडेलला वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवले तेव्हा अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. म्हणजे तीनपैकी दोन वेळा चूक. अभ्यासकांनी हे स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

त्या १४ पिकांत टोमॅटो, बटाटा, द्राक्ष, मका, सोयाबीन होते. कापूस, तूर, ऊस, कांदा, डाळिंब नव्हते. आजची मॉडेले त्यापुढे गेली आहेत, तरी धडा तोच आहे. जाहिरातीतली ‘९५ टक्के अचूक’ ही संख्या कोणत्या पिकावर, कोणत्या जिल्ह्यात आणि कसल्या फोटोंवर काढली, हे कळल्याशिवाय तिला अर्थ नाही.

२) फोटोत न दिसणारे कारण: कपाशीतला ‘लाल्या’ घ्या. पान लाल पडते ते मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडल्याने, तुडतुड्यांमुळे, पाण्याच्या ताणाने किंवा रात्रीचे तापमान उतरल्याने. लाल पान सगळ्यांत दिसते, पण उपाय प्रत्येकाचा वेगळा. जमीन कशी, पाणी कधी दिले, पानाच्या मागे तुडतुडे आहेत का, हे अनुभवी माणूस आधी विचारतो. ॲप न विचारताच औषध सांगत असेल, तर तो सल्ला नसून अंदाज आहे.

३) नावाचा घोळ: आपण ‘करपा’ म्हणतो तो भातावर वेगळा, कांद्यावर वेगळा आणि द्राक्षावर वेगळा. बुरशी वेगळी, औषधही वेगळे. डाळिंबाचा ‘तेल्या’ हा जिवाणूजन्य रोग, पण शब्दशः भाषांतर करणाऱ्या यंत्राला त्यात तेलच दिसू शकते. चॅटबॉटना शिकवलेला मजकूर मुख्यतः इंग्रजी असतो. मराठी त्यात कमी, आणि वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीतली पिकांची-किडींची नावे तर आणखी कमी.

४) आत्मविश्वासाने सांगितलेला चुकीचा आकडा: चॅटबॉट पुस्तक उघडून पाहतोच असे नाही. आधी वाचलेल्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता शोभेल, हे तो ठरवतो. त्यामुळे वाक्य गुळगुळीत असते, पण ‘१० लिटर पाण्यात’ आणि ‘एकरी’ यांची गल्लत होऊ शकते. नोंदणी नसलेले औषधही तो तितक्याच ठामपणे सुचवू शकतो. आज विचारले तर एक उत्तर, उद्या तोच प्रश्न विचारला तर दुसरे, असेही होते.

औषधाच्या प्रमाणातली चूक पिकापुरती राहत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. औषधांची मिश्रणे, उंच आणि दाट वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव अशी कारणे तेव्हा पुढे आली. तेव्हा चॅटबॉट नव्हते. पण ‘दोन औषधे एकत्र चालतील का?’ हा प्रश्न आता मोबाइलला विचारला जातो. त्याचे चुकीचे उत्तर किती महाग पडू शकते, हे आपल्याला आधीच माहीत आहे.

बियाण्याला बिल असते, सल्ल्याला काय?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निविष्ठांच्या बाबतीत आपल्याकडे जबाबदारीची साखळी बांधलेली आहे. ती ढिली असेल, पण आहे.

बियाण्याला बियाणे कायदा १९६६ लागू आहे. पिशवीवर लॉट क्रमांक असतो आणि दुकानदार बिल देतो. उगवण झाली नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती पाहणी करून पंचनामा करते. शेतकरी हा ‘ग्राहक’ आहे आणि सदोष बियाण्यासाठी ग्राहक आयोगात जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले. खरीप २०२० मध्ये सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ते शक्य झाले, कारण कागद होते, पंचनामे होते.

कीटकनाशकाला १९६८ चा कायदा आहे. कोणते औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी आणि किती प्रमाणात, हे नोंदणीच्या वेळी ठरते आणि लेबलवर छापले जाते. विकणाऱ्याला परवाना लागतो, ठरलेली शैक्षणिक पात्रता लागते.

म्हणजे औषध बनवणारा बांधला आहे, विकणारा बांधला आहे. पण ‘हे औषध, इतके, आज मारा’ असे सांगणाऱ्या ॲपला परवाना लागत नाही आणि पात्रताही दाखवावी लागत नाही. दिलेला सल्ला जपून ठेवण्याची शेतीपुरती ठोस सक्तीही नाही.

त्यात एक कायदेशीर खाच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. शेतकरी वापरतात ती बहुतेक सल्ल्याची ॲप मोफत असतात. पैसे भरून घेतलेल्या सल्ल्याबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येते, तसेच ॲपवरून विकत घेतलेल्या मालाबद्दलही. पण फुकट सल्ल्याबद्दल त्याच दारात उभे राहणे अवघड आहे. वर ॲपच्या अटींमध्ये बारीक अक्षरात ‘हा सल्ला केवळ माहितीसाठी आहे’ असे लिहिलेले असते. ‘मान्य आहे’वर बोट ठेवले की जोखीम आपल्या अंगावर येते.

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एआय प्रशासनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत माणूस केंद्रस्थानी, समन्याय, उत्तरदायित्व आणि समजण्याजोगी रचना ही तत्त्वे आहेत. सध्या वेगळा कायदा न करता आहे त्या कायद्यांतूनच वाट काढावी, असा त्यांचा रोख आहे. तत्त्वे चांगली आहेत. पण आहे त्या कायद्यांत शेतीसल्ल्याची जागा रिकामी असेल, तर त्या तत्त्वांचा बांधावर उपयोग काय? ही रिकामी जागा भरणे हे कृषी खात्याचे काम आहे.

द्राक्षाने शिकवलेला धडा

असे प्रकरण आपण पूर्वी पाहिले आहे. २०१० मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि युरोपात माल अडला. हे रसायन बागायतदार अनेक वर्षे वापरत होते, पण निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते नव्हते. म्हणजे बाग चांगली, प्रयोगशाळेचा अहवालही चांगला, तरी माल पडून. दोष व्यवस्थेतला होता, भुर्दंड निर्यातदाराला आणि बागायतदाराला बसला.

त्यानंतर तपासणीची यादी सुधारली. ‘ग्रेपनेट’मध्ये बागेची नोंदणी आणि अवशेषांची तपासणी एकमेकांना जोडलेली असल्याने माल कोणत्या बागेतला, हे मागे जाऊन शोधता येते. लेबल क्लेम आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी हे शब्द आज नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला पाठ आहेत. नोंद असेल तर चूक कुठे झाली ते सापडते आणि पुढच्या वर्षी टाळता येते. मग हीच शिस्त एआयच्या सल्ल्याला का नको?

सल्ला कोणाच्या फायद्याचा?

ॲप मोफत असेल तर त्याचा खर्च कुठून निघतो, हे विचारा. निविष्ठा विकणाऱ्या कंपनीच्या ॲपने ‘थांबा, अजून कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेलेली नाही’ असे किती वेळा सांगितले? फवारणी नको हाही सल्लाच असतो, पण त्यातून विक्री होत नाही. दुकानदारही आपला माल पुढे करतो, पण तो समोर असतो, त्याचा हेतू कळतो. यंत्राचा सल्ला तटस्थ वाटतो, म्हणून तिथे अधिक सावध राहावे लागते.

दुसरा प्रश्न माहितीचा. फोटो, गट नंबर, पीक, खर्च आणि कर्जाची गरज ही सगळी माहिती आपण देतो. कोणत्या भागात कांदा किती आहे आणि कधी निघणार, हे व्यापाऱ्याला आधी कळले तर भाव कोण ठरवणार, हे सांगायला नको. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. त्यानुसार दिलेली संमती मागे घेण्याचा, माहिती दुरुस्त करून घेण्याचा किंवा पुसून घेण्याचा हक्क मिळतो. मात्र हा कायदा व्यक्तीच्या माहितीपुरता आहे. हजारो शेतांची एकत्र केलेली, नावे काढलेली माहिती कोणी कशी वापरावी, हा प्रश्न उरतोच.

कोण सुटून जाते?

राज्यात एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. तो जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. पुढे एआयचा सल्ला, मदत आणि कर्ज याच नोंदीवरून ठरत गेले, तर बटाईने किंवा ठोक्याने कसणाऱ्याचे काय? २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात सुमारे १४ टक्केच वहिवाट खाती महिलांच्या नावे होती. खुरपणी-वेचणी करणारी बाई पिकाला सगळ्यांत जवळून पाहते, पण नोंदीत ती नाही आणि बहुतेकदा मोबाइलही तिच्या हातात नसतो. जे नोंदीत नाहीत, ते यंत्राला दिसत नाहीत.

विम्याचेही तसेच. उपग्रहाच्या अंदाजाला वजन दिल्याने पीक कापणी प्रयोगातली ढवळाढवळ कमी होऊ शकते, हा फायदा आहे. पण आकडा कसा निघाला हे मंडळातल्या शेतकऱ्याला समजेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, आणि तो चुकला असे वाटले तर फेरतपासणी मागता आली पाहिजे. ‘संगणकाने काढले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही.

आपण काय मागावे?

ग्रामसभेत, शेतकरी उत्पादक कंपनीच्या बैठकीत आणि कृषी खात्याकडे या पाच मागण्या ठेवता येतील:

१. प्रत्येक सल्ल्याला क्रमांक, तारीख आणि आधार असावा. कोणत्या कृषी विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या शिफारशीवरून तो दिला, हे दिसावे.
२. कीटकनाशकाचे नाव व प्रमाण नोंदणीकृत लेबलशी जुळल्याशिवाय ॲपने सांगू नये. जुळत नसेल तर ‘माहीत नाही, तज्ज्ञांना विचारा’ असे सांगावे.
३. अचूकतेचा दावा पीकनिहाय आणि जिल्हानिहाय, कृषी विद्यापीठाकडून तपासून जाहीर व्हावा.
४. ॲपच्या मालकाचा निविष्ठा विक्रीशी संबंध असेल तर तो पहिल्याच पानावर मराठीत लिहावा.
५. चुकीच्या सल्ल्याची तक्रार तालुका पातळीवर नोंदवता यावी. बियाण्याची समिती आहेच, तिचे काम वाढवता येईल.

यातली एकही मागणी एआयच्या विरोधात नाही. बिल मागितल्याने बियाण्याचा धंदा बंद पडला नाही, उलट चांगल्या बियाण्यावरचा विश्वास वाढला.

तोवर शेतात काय काळजी घ्याल?

- एआयचा उपयोग निदानाची दिशा आणि माहिती यांसाठी करा. औषध आणि प्रमाण यांचा निर्णय केवळ त्यावर घेऊ नका.
- प्रश्न विचारताना पीक, वाण, वय, जमीन, शेवटचे पाणी, आधीच्या फवारण्या आणि तालुका सांगा. पानाची पुढची-मागची बाजू, पूर्ण झाड आणि शेताचा भाग असे तीन-चार फोटो द्या.
- तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. उत्तर बदलले तर थांबा.
- औषधाच्या डब्यावरचे लेबल आणि माहितीपत्रक वाचा. आपले पीक आणि आपली कीड त्यावर नसेल तर ते औषध वापरू नका. त्रिकोणाचा रंग पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.
- दोन औषधे एकत्र करण्याचा सल्ला फक्त मोबाइलवरून घेऊ नका.
- शंका असेल तर कृषी विज्ञान केंद्र, सहायक कृषी अधिकारी किंवा किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ येथे विचारा.
- नवा उपाय आधी चार-पाच ओळींवर करून पाहा, काही ओळी न फवारता सोडा.
- सल्ल्याचा स्क्रीनशॉट काढा. औषधाचे बिल, रिकामा डबा आणि फवारणीची तारीख यांच्यासोबत तो जपून ठेवा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाच तुमचा पंचनामा.
- ॲप संपर्क यादी, सगळे फोटो किंवा बँकेचे तपशील मागत असेल तर नकार द्या.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावात शेतकरी मोबाइलवरचे उत्तर घेऊन तुमच्याकडे येतील. त्यांना हसू नका. ‘दाखवा, काय सांगितले ते’ म्हणा आणि शेतावर जाऊन ताडून पाहा. बरोबर आले ते आणि चुकले ते, दोन्ही वहीत लिहा: पीक, ॲप, तारीख, सल्ला, प्रत्यक्ष काय निघाले. एका हंगामात अशा पन्नास नोंदी झाल्या तर तालुक्याच्या बैठकीत त्या मांडा आणि कृषी विज्ञान केंद्राला द्या. कोणते ॲप आपल्या भागात कुठे चुकते, हे सांगणारी याहून चांगली माहिती दुसरीकडे मिळणार नाही. शेतीशाळेत एक तास यासाठी ठेवा: एकच रोगट पान, तीन ॲप, तीन उत्तरे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली खरे निदान.

तुमच्या वरिष्ठांनी ‘ॲपने सांगितले तेच सांगा’ असे म्हटले, तरी शेतावर जे दिसते ते लिहून कळवा. सहीसकट दिलेल्या सल्ल्याची किंमत शेतकऱ्याला कळते.

शेतीत जोखीम नवी नाही. पाऊस, भाव, कीड यांची जोखीम आपण घेतोच. पण जो सल्ला दुसऱ्याने दिला, त्याची सगळी जोखीम आपणच का घ्यावी? या हंगामात एवढे तरी करा. मोबाइलवर सल्ला आला की तीन गोष्टी विचारा: कोणी दिला, कशाच्या आधारावर दिला आणि चुकला तर कोण उत्तर देणार? तिन्हींची उत्तरे मिळाली नाहीत, तर पंप भरण्याआधी एक दिवस थांबा आणि ओळखीच्या तज्ज्ञाला शेतावर बोलवा.